परीक्षा विभागाची जबाबदारी घेतेय

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर "शिकवणं सोडून कारकुनी करणार?" एवढंच म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. म्हणून सविस्तर लिहितेय. विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाची संचालक म्हणून माझी निवड झालीय, मुदत पाच वर्षांची, आणि मी ती जबाबदारी घेतेय.

शिकवणं म्हणजे काय हे मला पहिल्यांदा कळलं ते वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये, तुमच्या शेजारी उभं राहून. 150 मिलिमीटरचे काँक्रीटचे क्यूब 28 दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग मशिनखाली फोडायचे. एम 20 प्रतीच्या काँक्रीटचा क्यूब 450 किलोन्यूटनच्या आत फुटला तर कमी पडला, हे मला शाळेत असतानाच पाठ होतं. काटा थांबला की आधी आकडा लिहायचा, मग क्यूबकडे बघायचं, ही तुमची शिस्त. मी पोरांकडून आजही तेच करून घेते. अधिव्याख्याता होते तेव्हापासून अधिष्ठाता होईपर्यंत स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचा तास मी सोडला नाही, आणि आताही तो मागून घेतलाय.

पण बाबा, वर्ग नीट शिकवून भागत नाही. माझ्या वर्गातली जतकडची एक मुलगी शेवटच्या सेमिस्टरला उत्तम मार्कांनी पास झाली, पण निकालच इतका रखडला की कंपनीत रुजू व्हायची तारीख उलटून गेली. तिचे वडील मला भेटायला आले. "मॅडम, पोरीचं चुकलं काय?" म्हणाले. काय सांगणार?

2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लावा असं स्पष्ट लिहिलंय. अडतं ते उत्तरपत्रिकांच्या तपासणीला. 1983 साली आपल्या वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली म्हणून खेड्यापाड्यातली पोरं इंजिनिअर झाली, हे उपकार मोठेच. कॉलेजं वाढली, पण कायम शिक्षक त्या मानानं भरले गेले नाहीत. तासिका तत्त्वावरचा शिक्षक सेमिस्टर संपलं की जातो, आणि जो कायम आहे त्याला कॉलेज तपासणीला सोडत नाही. उत्तरपत्रिका आता स्कॅन होऊन स्क्रीनवर येतात, पण तपासायला माणूसच लागतो ना! परीक्षेच्या आधीच प्रत्येक प्राचार्यांकडून परीक्षकांची नावं सहीनिशी घ्यायची आणि रोज संध्याकाळी किती उत्तरपत्रिका राहिल्या ते बघायचं, इथून मी सुरुवात करणार आहे. याला तुम्ही कारकुनी म्हणा, मला हे शिकवण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आई, तू पेपरफुटीच्या आणि मोर्च्यांच्या बातम्या वाचून घाबरू नकोस. जेवणाची वेळ पाळीन.

रुजू होण्याआधी सांगलीला येतेय. बाबा, प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक वेळेवर यावेत म्हणून तुम्ही काय काय करायचात, ते मला सगळं विचारायचंय.

तुमची,
सुमी