लाइट बिलं बघितल्याशिवाय सही करू नको

कोल्हापूर, रविवार, दुकान बंद

प्रिय भावा,

तुझा तो सव्वासात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा गिरणी चालू असताना ऐकला त्यामुळं अर्धा कळलाच नाही, मग रात्री घरी येऊन परत ऐकला. फोनवर बोलू म्हणालास पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. कॉलेजनंतर एवढं लांबलचक पत्र कुणाला लिहिलं नसेल, शुद्धलेखन काढत बसू नको.

तर तू नोकरी सोडून कोथरूडची ती चालू लाँड्री विकत घ्यायची म्हणतोयस. शून्यातून काही उभं करायला आता वय नाही, चालू धंदा घेतला की पहिल्या दिवसापासून गल्ला चालू, असं तुझं गणित. माझंही अगदी हेच होतं. चाकणला मेंटेनन्समध्ये चौदा वर्षं काढली, कंपनीनं लाइन हलवली, आम्हाला पैसे देऊन घरी बसवलं आणि मी बायकोमुलांसकट कोल्हापूरला आलो. तेव्हा घरात सगळे म्हणत होते स्वतःचं काहीतरी टाक. टाक म्हणजे काय टाक ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

आण्णांची गिरणी आमच्या आईची नेहमीची. शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अलीकडं. दोन डंक, एक दहा एचपीची पिठाची गिरणी, एक पल्व्हरायझर म्हणजे झटपट पूड करणारं मशीन, मसाला भाजायची मोठी कढई, वजनकाटा. तुला पुण्यात राहून डंक आठवत असेल का माहीत नाही, लोखंडी मुसळ वर जातं खाली येतं, धाड धाड आवाज, आणि गल्लीच्या तोंडापासून ठसका लागतो. आण्णांचा पोरगा सॉफ्टवेअरमध्ये, तो काही मिरचीत हात घालणार नव्हता. आण्णांचे गुडघे गेलेले. एकदा दळण घेऊन गेलो तर म्हणाले, घेतोस का रे, कुणी परका घेऊन मोडून टाकण्यापेक्षा तू घे. मागितले 18 लाख.

आता इथं नीट वाच. आण्णा म्हणाले सीझनला दिवसाला 200 किलो चटणी, म्हणजे आपला वर्षभराचा तिखट मसाला, कुटतो. किलोला 50 रुपये मजुरी, फेब्रुवारीपासून मेच्या शेवटापर्यंत धरले तर ऐन गर्दीचे 75 दिवस, म्हणजे साडेसात लाख नुसते डंकाचे. बाकी वर्षभर दळण. खर्च वजा जाता वर्षाला सात लाख सुटतात, अडीच वर्षांत पैसे वसूल, असं त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. पण हिशोबाची वही कुठं होती? सगळं रोख. बायका येतात, पाचशेची नोट देतात, आण्णा सुटे डब्यात टाकतात, संध्याकाळी डबा घरी. इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये दाखवलेला आकडा वेगळा, तोंडी आकडा वेगळा, आणि आण्णा मोठ्या मनानं म्हणतात रिटर्नवर जाऊ नको रे, ते सीएसाठी असतंय.

तेव्हा माझ्यातला मेंटेनन्सवाला जागा झाला. माणूस आकडा फुगवून सांगू शकतो, मीटर नाही सांगत. मी आण्णांकडं तीन वर्षांची लाइट बिलं मागितली. डंकाच्या दोन मोटरी तीन तीन एचपीच्या, म्हणजे दोन्ही मिळून साधारण साडेचार किलोवॅट. दोन्ही डंक मिळून तासाला वीसेक किलो कुटतात हे मी दोन दिवस तिथं स्टुलावर बसून घड्याळ लावून बघितलं. मग 200 किलोला दहा तास, म्हणजे दिवसाला 44-45 युनिट, 26 दिवस धरले तर महिन्याला साडेअकराशे युनिट जास्त यायला पाहिजेत. बिलात मार्च-एप्रिलला इतर महिन्यांपेक्षा 700 च्या आसपासच जास्त. तिन्ही वर्षं तसंच. म्हणजे 120 किलो. आण्णा खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही, त्यांना पाडव्याच्या आधीचा तो एक तुडुंब आठवडा आठवत होता आणि सगळा सीझन तसाच गेला असं वाटत होतं. विकणाऱ्या प्रत्येकाला आपला चांगला आठवडाच आठवतो, तुझ्या लाँड्रीवाल्यालाही आठवत असणार.

120 नं मांडलं तर सात लाखाचे चार लाख झाले. शिवाय पोती हलवली तर मागच्या भिंतीवर पुराची रेघ. शाहूपुरीत 2019 ला पाणी आलं, 2021 ला परत आलं, पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की कुंभार गल्लीतल्या लोकांची सामान वर चढवायची घाई सुरू होते. मोटरी दोनदा रिवाइंड केलेल्या. बरं एवढंच की पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये, डंकाचा सीझन मृगाआधीच संपलेला असतो, म्हणजे धंदा बुडत नाही, मशिनं बुडतात. हे सगळं बोलून 11.50 लाखावर आलो. आण्णा दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी चहाला बोलावलं.

पैशाचं म्हणशील तर बँकेत गेलो तेव्हा साहेबांनी विचारलं नवीन युनिट का. म्हणलं चालू धंदा घेतोय. मग म्हणाले पीएमईजीपीची, म्हणजे केंद्राच्या रोजगार योजनेची, सबसिडी नाही बसत, ती नवीन युनिटलाच. म्हणजे बघ, त्याच गल्लीत नवीन गिरणी टाकून आण्णांचं गिऱ्हाईक ओढलं असतं तर सरकारनं सबसिडी दिली असती, वीस वर्षं चाललेली गिरणी बंद पडू नये म्हणून घेतली तर नाही. असो. मशिनांची किंमत धरून चार लाख कर्ज मिळालं, गिऱ्हाइकांवर म्हणजे गुडविलवर बँक एक रुपया देत नाही. बाकी कंपनीचे आलेले आणि बायकोच्या पाटल्या. पाटल्या अजून गहाण आहेत, तिच्यासमोर हा विषय काढू नको.

कागदाचं मात्र सीएला विचारल्याशिवाय एक पाऊल टाकू नको. मला वाटत होतं विकत घेतलं की झालं. अरे प्रोप्रायटरी म्हणजे एकट्याच्या नावावरच्या धंद्यात विकत घ्यायला वेगळं असं काही नसतंच, ना शेअर ना कंपनी. मशिनं घेतली, जागेचं भाडं माझ्या नावावर करायला घरमालकाची लेखी संमती घेतली, मीटर नावावर केला, जीएसटी नंबर माझ्या पॅनवर नवीन, फूड लायसन्स माझ्या नावानं नवीन. आण्णांनी मध्ये पाकीटबंद कांदा-लसूण मसाला विकायचा म्हणून जीएसटी घेतला होता आणि नंतर रिटर्न भरायचं सोडून दिलं होतं. सीए म्हणाला जीएसटी कायद्याचं कलम 85 वाच, धंदा विकला तरी विक्रीच्या तारखेपर्यंतचा थकलेला टॅक्स, व्याज, दंड हे विकणारा आणि घेणारा दोघांकडून वसूल होऊ शकतं, आणि रक्कम नंतर ठरली तरी. म्हणून आम्ही दोन लाख वर्षभर मागं ठेवले, करारात लिहून. जूनमध्ये खरंच नोटीस आली, 38 हजारांची, त्यातनंच वळते केले. ते मागं ठेवले नसते तर मी आण्णांच्या दारात जाऊन भांडलो असतो का? नसतोच गेलो. गप भरले असते.

तुझ्याकडं 12 माणसं आहेत म्हणालास. माझ्याकडं तीन, त्यामुळं सुटलो, पण दहा आणि वर असतील तर ग्रॅच्युइटी लागू होते, वर्षाला 15 दिवसांचा पगार या हिशोबानं. इस्त्रीवाले पंधरा-पंधरा वर्षं असतील तर तो आकडा आजच काढ आणि किमतीतनं वजा कर, कारण ते जातील तेव्हा मालक तू असशील.

आता जिथं मी फसलो ते सांगतो. आण्णांनी परत हा धंदा करायचा नाही अशी अट मी करारात घातली होती. एरवी कुणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार आपल्याकडं चालत नाही, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम 27, पण गुडविल विकणाऱ्यानं ठराविक भागात तोच धंदा करणार नाही असं लिहून दिलं तर चालतं. मी खूश, मोठा कायदेपंडित. दसऱ्याला ताबा घेतला आणि फेब्रुवारीत, बरोबर सीझनच्या तोंडावर, आण्णांच्या पुतण्यानं दोन गल्ल्या सोडून नवाकोरा डंक टाकला. सही आण्णांची होती, पुतण्याची नव्हती. पुतण्या चार वर्षं आण्णांच्या हाताखाली होता, निम्म्या बायकांना वहिनी-काकू म्हणत होता. आण्णांना विचारलं तर म्हणाले, मी काय करू, माझं ऐकतोय होय तो. आडनाव तेच, पाटी तीच, फक्त पुढं 'न्यू' लावलं.

आणि फोन नंबर! हे तर मी करारात लिहायचंच विसरलो. बायका डंकाला नंबर लावतात ते फोन करून, ‘आण्णा, बुधवारी येऊ का, आठ किलो आहे’. तो नंबर आण्णांचा, आधारला जोडलेला, बँकेला जोडलेला, ते देईनात. शेवटी कॉल फॉरवर्ड करून घेतला. पण आण्णांचा नातू फोनवर खेळताना ते बंद करायचा, दोन दोन दिवस फोन शांत, मला वाटायचं धंदा बसला. तुझ्या लाँड्रीचा व्हॉट्सॲप नंबर कुणाच्या नावावर आहे ते आधी विचार, मशिनांचं नंतर.

तरी या सगळ्यात मोठी गोष्ट मशिनांच्या यादीत नव्हतीच. ती म्हणजे मावशी. एकोणीस वर्षं त्या डंकावर. संकेश्वरी मिरची किती, ब्याडगी किती हे बायका घरनं ठरवून येतात, देठं काढून, गच्चीवर वाळवून, पण भाजणं मावशीच्या हातात. धने किती लाल, खोबरं कधी उतरवायचं, दगडफुलाला आच लागली की चटणी कडू होते. मी पहिल्याच महिन्यात शहाणपणा केला, म्हणलं डंक कशाला, पल्व्हरायझरवर तिप्पट वेगानं होतंय. मावशी म्हणाल्या चटणी तापती, रंग उतरतो, बायका येणार नाहीत. मी ऐकलं नाही. राजारामपुरीतनं आलेल्या एका काकूंनी डबा उघडून वास घेतला, झाकण लावलं, पैसे ठेवले आणि एक शब्द न बोलता गेल्या. परत काय आल्या नाहीत. पुतण्याकडं गेल्या.

पुतण्यानं मावशींना दोन हजार जास्त देतो म्हणून बोलावलं. त्यांनी मला येऊन सरळ सांगितलं, लपवलं नाही. म्हणाल्या तो देतोय, तुम्ही काय देताय. माझ्याकडं द्यायला पगार नव्हता, हप्ता होता. मग त्यांनीच तोड काढली, पगार राहू दे आहे तेवढाच, सीझनला कुटलेल्या दर किलोमागं तीन रुपये माझे. मी त्यांच्यासमोरच कॅल्क्युलेटर काढला, त्या हसल्या, म्हणाल्या आण्णा बोटावर मोजायचे. तीन रुपये दिले. आणि त्या दिवसापासून दुकानात मिरची सांडलेली दिसली की त्या माझ्यावर ओरडतात.

पहिला सीझन दिवसाला सरासरी 105 किलोवर गेला. 120 पण नाही. दळण मात्र वाढलं, कारण मी दगडाला वेळेवर टाकी लावतो आणि सकाळी साडेसातला उघडतो, आण्णा दहाला यायचे. हप्ता, भाडं, पगार जाऊन महिन्याला सरासरी 23 हजार घरी नेतो. चाकणला 62 मिळत होते. तुला हे सांगायला जरा लाज वाटली, पण तू फोनवर ‘मस्त चाललंय ना तुझं’ म्हणालास आणि मी हो म्हणालो, ते मनाला लागून राहिलं.

स्वस्तात मिळतंय म्हणून उडी मारायची का हाही तुझा प्रश्न होता. जमशेटजी टाटांनी 1869 मध्ये चिंचपोकळीची दिवाळं निघालेली तेलगिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांत नफ्यानं विकली. त्याच माणसानं 1886 मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल स्वस्तात घेतली तर जुनाट मशिनांनी त्यांना नको नको केलं, स्वदेशी मिल म्हणून ती मार्गाला लावायला काही वर्षं गेली. टाटांकडं दुसऱ्या वेळेला निभवायला पैसे होते रे, आपल्याकडं पाटल्या.

घेऊ नको असं मी म्हणत नाही. मला सोमवारी सकाळी शटर वर करताना बरं वाटतं, हे चाकणच्या गेटवर कार्ड पंच करताना कधी वाटलं नव्हतं, आणि गल्लीत आता मला आण्णांचा माणूस म्हणायचं सोडून गिरणीवाला म्हणतात. पण लाँड्रीवाल्यानं दिलेला एक्सेल बाजूला ठेव. 36 महिन्यांची लाइट बिलं माग, पाण्याची माग, साबण-केमिकलच्या खरेदीची बिलं माग. किलोला किती पाणी, किती युनिट लागतं ते दोन शनिवार तिथं बसून मोज. जागेचा करार कधी संपतो ते बघ. आणि इस्त्रीवर सगळ्यात जुना माणूस कोण आहे त्याला एकट्याला चहाला ने, मालक सोबत नको.

बिलांचे फोटो मला पाठव, मी बसतो गणित करायला. या वेळी उन्हाळ्यात ये, फेब्रुवारीनंतर कधीही, पण बुधवारी येऊ नको, बुधवारी लई गर्दी असते. वहिनींना विचार यंदा चटणी किती किलो पाहिजे, तिखट का मध्यम. मावशींना आधी सांगावं लागतं.

तुझाच,
गिरणीवाला