सहीची घाई

चि. मुक्तास,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "काही नाही हो बाबा, मिळेल दुसरी नोकरी" म्हणालीस आणि लगेच पावसावर गेलीस. बंगळुरूत पाऊस आहे हे मला टीव्हीवर दिसतं. तुझ्या बोलण्यातलं मला एकच वाक्य लागलं: "उद्या संध्याकाळपर्यंत राजीनामा मेल करा म्हणालेत, करून टाकते, कटकट मिटेल." म्हणून लिहायला बसलो. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुलाही ठाऊक आहे.

अशी कटकट मी एकदा मिटवली होती. जानेवारी 2009. तू सातवीत होतीस.

सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बुडाली. भोसरीत ट्रकचे भाग करणाऱ्या आमच्या लाइनवर ते नाव कुणी ऐकलंही नव्हतं. पण ट्रक कर्जावर विकले जातात, आणि कर्ज देणाऱ्यांनी हात आखडला. ट्रक विकले जाईनात, की आमचं शेड्यूल उतरलं. आधी ओव्हरटाइम बंद, मग थर्ड शिफ्ट, मग काँट्रॅक्टची पोरं गेली. डिसेंबरात ब्लॉक क्लोजर लागले, म्हणजे काही काही दिवस कामच बंद. मी लेथ, म्हणजे लोखंड कातायचं माझं मशीन, पुसायचो, त्याचा चक उघडायचो, परत पुसायचो. आठ तास काम नसताना मशीनपाशी उभं राहणं आठ तासांच्या कामापेक्षा जड असतं.

पर्सनल ऑफिसरने एकेकाला आत बोलावलं. कागद तयार होता. "स्वखुशीने राजीनामा देत आहे." मी वाचलाही नाही. खोली काचेची, बाहेर सगळे बघतायत, आणि मला फक्त तिथून उठायचं होतं. दोन मिनिटांत सही करून बाहेर. कंपनीने कामगार कमी केला तर कायद्याने नोटिशीचा महिना आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो, हे मला नंतर कळलं. स्वखुशीने गेलेल्याला ते कुठलं? जे दोघे "घरी विचारून सांगतो" म्हणाले, त्यांना पैसे वाढवून मिळाले. ते माझ्यापेक्षा हुशार नव्हते. त्यांना लाज कमी वाटत होती, एवढंच.

दुसरी सही पीएफ ऑफिसच्या फॉर्मवर. पीएफ काढला, ते एक वेळ ठीक, घर चालवायचं होतं. पण फॉर्म 10 सी वर पेन्शनचेही पैसे काढले. माझी आठ वर्षं चार महिने भरली होती. त्याच फॉर्मवर पैसे न काढता सेवेचं सर्टिफिकेट मागता येतं. ती वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात. 2011 मध्ये परत पीएफवाली नोकरी लागली, ती सात वर्षं टिकली. आठ आणि सात, पंधरा झाली असती. पेन्शनला दहा लागतात. आता शेजारचे अण्णा पेन्शनच्या नावाने बोटं मोडतात, की एवढ्यात गॅसही येत नाही. मी ऐकून घेतो.

तेव्हा तू आज सही करू नकोस. मेल लिही, की वाचायला मुदत हवी. नोटिशीचे पैसे, उरलेल्या रजा, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र, विमा कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं लेखी मागून घे. तुझी सहा वर्षं झालीत, म्हणजे राजीनामा दिलास तरी ग्रॅच्युइटी तुझी आहेच. शेवटचं बेसिक, डीए म्हणजे महागाई भत्ता असेल तर तोही धरून, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले सहा. गणित तूच कर, माझ्यापेक्षा बरं येतं. पीएफ काढू नकोस, नव्या कंपनीत वर्ग कर. त्यात पेन्शनची वर्षं मोजली जात असतील तर ती तुटू देऊ नकोस.

कामाचं सांगतो. तुझं सॉफ्टवेअरचं टेस्टिंग म्हणजे आमच्याकडचं इन्स्पेक्शन असं मी धरून चालतो, त्यापुढचं मला कळत नाही. पण नोकरी गेल्यावर मी महिनाभर चौकातल्या टपरीवर गेलो नाही. कुणी "सुट्टी का?" विचारेल म्हणून. एमआयडीसीतले जे ब्लॉक, टी ब्लॉक पायी पालथे घातले, गेटवरचे वॉचमन नावाने ओळखायला लागले, काम मात्र कुठेच नाही. तुझी आई काही बोलली नाही. घरात चहा पावडरचं पाकीट लहान झालं, तेवढंच. शेवटी तीच म्हणाली, "जा की टपरीवर, चहा तरी बाहेर होईल."

गेलो. तिथे जुना एक ऑपरेटर भेटला. सरकारने तेव्हा शहरांना बस घ्यायला पैसे दिले होते, त्यामुळे ट्रक थंड असताना बसची कामं निघाली होती. कुदळवाडीत एका गाळ्यात सीटच्या फ्रेमच्या बुशा, म्हणजे आत बसणाऱ्या छोट्या नळ्या, करायला टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, हवा होता. पगार आधीच्या निम्मा, पीएफ नाही, लेथ माझ्यापेक्षा म्हातारा. मी दुसऱ्या दिवशी गेलो. तो निर्णय बरोबर होता की मी पुन्हा घाई केली, हे अजून मला ठरवता येत नाही. महिनाभर थांबलो असतो तर कदाचित बरं मिळालं असतं. पण हातात मायक्रोमीटर आला त्या रात्री मी जेवलो नीट.

तू लोकांना सांग. आधीच्या टीममधल्यांना, कॉलेजच्या मैत्रिणींना, ज्या मॅनेजरशी तुझं पटायचं नाही तिलाही. "काम बघतेय" एवढंच म्हण, कारण सांगत बसू नकोस. आणि भाड्याचं टेन्शन घेऊ नकोस, तीन महिन्यांचं माझ्याकडे आहे. एफडी मोडायची नाही, आईने वेगळे ठेवलेत. कुठे ते मलाही सांगत नाही.

राजीनामा मागणाऱ्या त्यांच्या मेलचा फोटो पाठव. इंग्रजी जमेल तेवढं वाचीन, उरलेलं युनियनमधल्या जुन्या मित्राला दाखवीन. सही करावीशी वाटली तर आधी फोन कर. रात्री दोनला केलास तरी चालेल. थर्ड शिफ्टची सवय, झोप तशीही लागत नाही.

तुझे,
बाबा