शेजारच्या खाटेवरून आमच्याकडे वळलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहायला घेऊन तीन आठवडे झाले. वाचून तुम्ही म्हणणार, "अहो, माझं कामच आहे ते." म्हणून आधीच सांगून ठेवते, तुमच्या कामाच्या यादीत आम्ही नव्हतोच.

ऑगस्ट २०२३. तुम्ही सिकलसेलच्या, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, सरकारी कामावर; आला होतात शेजारच्या खाटेवरच्या मुलाला भेटायला. अलीराजपूरचा होता तो, आणि त्याच्या आईला इंदूरच्या दवाखान्यात पाण्याचा नळ कुठे आहे इथपासून सगळं तुम्ही दाखवत होतात. आमचं पोरगं पलीकडे गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होतं. आठ वर्षांचं. जाता जाता तुम्ही थांबलात, त्याच्या डोळ्यांत पाहिलंत आणि मला विचारलंत, "डोळे असे पिवळट नेहमीच असतात का? लहान असताना हातपाय सुजायचे?"

मी थक्कच झाले. सात वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पोरगं दहा महिन्यांचं असताना दोन्ही पावलं अशी फुगली की बारशाला घातलेले वाळे निघेनात. साबण लावला, तेल लावलं, काही नाही. शेवटी सराफ्यात नेलं. रात्री जिथे भुट्ट्याचा कीस खायला आपण गर्दी करतो, तिथेच दिवसा एक म्हातारे सोनार बसतात. त्यांनी पायाखाली रुमालाची घडी सरकवली आणि बारीक कात्रीनं वाळे कापले. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. डॉक्टर म्हणाले, मुरगळला असेल. एकाच वेळी दोन्ही पाय? पण तेव्हा हे सुचलं नाही. पुढे कुणी संधिवात म्हटलं, कुणी वाढीच्या कळा, आणि रक्त कमी म्हणून लोहाच्या बाटल्या तर इतक्या पाजल्या की त्याचे दात काळे पडले. बाळांमध्ये सिकलसेल पहिल्यांदा असाही दिसू शकतो, हातापायांच्या सुजेतून, हे मला तुमच्याकडून कळलं. कापलेले वाळे अजून डब्यात आहेत.

तुम्ही मूळ गाव विचारलंत. वर्धा, म्हटलं, आणि हा आदिवासींचाच आजार समजून वर घाईघाईनं जोडलं की आमच्यात आदिवासी कुणी नाही. आज त्या वाक्याची लाज वाटते. तुम्ही चिडला नाहीत. तुमच्या त्या बऱ्हाणपुरी मराठीत एवढंच म्हणालात, "विदर्भात हा आजार जात विचारून येत नाही, वहिनी."

मग ती काचेची नळी. औषधाच्या पाण्यात बोटातलं रक्त टाकायचं आणि काळ्या रेघांच्या कागदासमोर नळी धरायची. रक्तात दोष नसेल तर पलीकडच्या रेघा स्पष्ट दिसतात. मुलाच्या नळीतून रेघा दिसल्या नाहीत. माझ्या नळीतूनही नाहीत, ह्यांच्याही नाहीत. मी तिथेच रडायला लागले, आम्ही तिघेही आजारी म्हणून. तुम्ही म्हणालात, ही नळी फक्त दोष आहे एवढंच सांगते. वाहक, म्हणजे दोष अंगात असून आजारी नसलेला, कोण आणि रुग्ण कोण हे तिला कळत नाही, त्याला मोठ्या मशीनवरची एचपीएलसी नावाची रक्ततपासणी लागते. ती झाली. आम्ही दोघं वाहक निघालो, पोरगं रुग्ण.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस घरात काय चाललं होतं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण तुम्ही ओळखलं असणार. "सून वर्ध्याहून आली, आजारही तिथूनच आला." ह्यांचा रिपोर्ट कपाटात पडून होता, तो काढून वाचायला कुणी तयार नव्हतं. तुम्ही घरी आलात, चहा घेतलात आणि सासूबाईंकडे दोन वाट्या मागितल्यात. प्रत्येक वाटीत एक हरभरा, एक राजमा. एक वाटी आईची, एक बापाची. डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा उचलायचा, पाहायचा, परत ठेवायचा. राजमा म्हणजे बिघडलेला गुण. दोन हरभरे आले तर मूल निरोगी, एक-एक आला तर आपल्यासारखं वाहक, दोन राजमे आले तर रुग्ण. सासूबाईंनी दहा वेळा उचललं, मी कॅलेंडरच्या मागे लिहीत गेले. दोन राजमे तीनदा आले, आणि त्यांतले दोन तर लागोपाठ. सासूबाई म्हणाल्या, "पण चारातून एकदाच यायला पाहिजे ना?" तुम्ही म्हणालात, "आजी, वाटीला मागचं आठवत नाही. प्रत्येक खेपेला नव्याने चारात एक." मग वाट्या शेजारी ठेवून विचारलंत, "सांगा, यातली दोषी वाटी कोणती?"

दोन्ही सारख्याच. त्या दिवसापासून घरात तो विषय बंद झाला. दिराच्या लग्नाआधी मुलीची आणि त्याची तपासणी करायची हे तर सासूबाईंनीच ठरवलं, पत्रिका नंतर पाहिली.

हायड्रॉक्सीयुरियाचं पण तसंच. औषधाच्या दुकानदारानं "ही तर कॅन्सरची गोळी" म्हटलं आणि मी पाकीट परत दिलं. रात्री नऊला तुम्हाला फोन केला. तुम्ही सावकाश समजावलंत: कॅन्सरमध्येही वापरतात, खरं आहे, पण इथे ती बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते आणि पेशी विळ्यासारख्या वाकणं कमी होतं, फक्त अधूनमधून रक्त तपासून डोस ठरवावा लागतो. दुसऱ्या दिवशी सरकारी खिडकीवर तीच गोळी फुकट मिळाली. आधीच्या वर्षी सात वेळा दवाखान्यात भरती. गेल्या वर्षी एकदा, आणि त्याला कारण आमचीच रंगपंचमी. राजवाड्याच्या गेरला, रंगाच्या त्या मिरवणुकीत, टँकरच्या थंड पाण्याखाली पोरगं दहा मिनिटं नाचलं आणि रात्री मांड्या धरून ओरडायला लागलं. यंदा त्यानं गेर मावशीच्या गॅलरीतून पाहिली, स्वेटर घालून, पाण्याची बाटली हातात धरून, तोंड एवढंसं करून.

शाळेच्या पत्राचे आभार वेगळे मानायला हवेत. तासाला पाणी प्यायचं आणि म्हणून तासाला लघवीला जायचं, एवढ्याशा गोष्टीवरून त्याला बाकावर उभं करायचे. तुमच्या एका पानी पत्रानं ते थांबलं. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे आणि प्रमाणपत्र काढता येतं, हे तर आम्हाला स्वप्नातही ठाऊक नव्हतं.

आता जरा कडू बोलते, तुमच्या वतीनं नव्हे, माझ्याच वतीनं. १ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये सिकलसेलची देशभरची मोहीम सुरू झाली. ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं ठरलं. आमच्या राज्यात झाबुआ-अलीराजपूरला तर २०२१ पासूनच काम सुरू होतं. हे सगळं सार्वजनिक पैशातून आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. कर भरताना मी पहिल्यांदाच कुरकुर केली नाही. पण तपासण्यांचा आकडा वर पाठवता येतो. खाटेशेजारी घालवलेला पाऊण तास, दोन वाट्या, रात्री नऊचा फोन, यांना फॉर्मवर रकानाच नाही. म्हणूनच की काय, मशीनचे पैसे वेळेवर आले आणि तुमचं कंत्राट मागच्या वर्षी तीन महिने लटकलं. त्या तीन महिन्यांतही तुम्ही फोन उचलत होतात, तेही स्वतःच्या रिचार्जवर. हे मला तुम्ही सांगितलं नाहीत. अलीराजपूरच्या त्या आईकडून कळलं. तिचा मुलगा आता सहावीत आहे. आमचे दोघे दिवाळीला फोनवर बोलतात, मुख्यतः क्रिकेटवर.

तर, तुमचं पद कायम राहावं म्हणून आम्ही पालकांनी एक अर्ज तयार केला आहे. एकूण ४१ सह्या झाल्या, त्यांत नऊ अंगठे. तुम्ही म्हणाला होतात तसं तुमचं नाव कुठेच घातलेलं नाही, फक्त पद आणि काम लिहिलंय. तुम्ही एकदा वाचून औषधांची नावं बरोबर लिहिली आहेत का तेवढं पाहा. रविवारी सकाळी सातला गंगवालहून तुमची शिबिराची बस असते, तेव्हा सहालाच या. पोहे झालेले असतील. सासूबाईंनी कळवलंय की राजमा मात्र करणार नाहीत.

आपली,
कापलेल्या वाळ्यांची आई
इंदूर