तळेवाडीच्या मामांना

मामा, नमस्कार.

घरी पोचल्याचा फोन केला तेव्हा रेंज सारखी तुटत होती, मनातलं बोलायचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. चारचौघांनीही वाचावं म्हणून उघडच लिहितोय.

बारापेडेच्या गुहेचं नाव मी कॉलेजात असताना वाचलं होतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सर्वेक्षणात इथून वटवाघळं गोळा झाली आणि 1913 साली लंडनचे प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी ती नवी जात म्हणून जाहीर केली. नाव दिलं रॉटन या वनाधिकाऱ्याचं. पुढं जवळजवळ नव्वद वर्षं साऱ्या जगात या जातीचा ठावठिकाणा एकच होता, बेळगावकडच्या आपल्या खानापूर तालुक्यातला भीमगडचा हा डोंगर. नंतर ती कंबोडियात आणि मेघालयात सापडली. पण मला ती इथंच बघायची होती.

वनखात्याची परवानगी हातात होती, गार्डही सोबत होते, तरी दोन दिवस मी नुसता छताकडं बघत मान दुखवून घेतली. तिसऱ्या दिवशी तुम्ही भाकरी बांधून आणलेला वर्तमानपत्राचा कागद झटकलात, गुहेत एका कपारीखाली पसरलात, चार कोपऱ्यांवर दगड ठेवलेत आणि म्हणालात, "आता उद्या." दुसऱ्या दिवशी कागदावर काळ्या लेंड्या पडलेल्या. एक तुम्ही बोटांत चुरडलीत, तर किड्यांच्या पंखांचा चुरा चकाकला. "ताजी हाय. वरच हाईत."

मी लगेच बॅटरी वर करायला गेलो आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. "पोटाशी पिल्लं असली तर?" लाल कागद लावलेला उजेड तुम्ही बाजूच्या भिंतीवर पाडलात. त्या अंधुक उजेडात मला दिसलं: कपाळावर एकमेकांना जुळलेले ते मोठाले कान, टोपी पुढं ओढावी तसे पार नाकापर्यंत आलेले. मानेवर फिकट पट्टा. पायांमधल्या कातडी पडद्याबाहेर मोकळी लोंबणारी शेपटी. दहा-बारा श्वास घेतले असतील, मग तुम्ही उजेड विझवलात.

संध्याकाळी गुहेबाहेर बसलो. बहुतेक वटवाघळांची हाक आपल्या कानांना लागत नाही, पण या जातीच्या हाकेची पट्टी खालची, म्हणून ऐकू येते. मला आधी फक्त रातकिडेच ऐकू येत होते. तुम्ही माझ्या गुडघ्यावर बोट टेकवलंत, आणि मग ऐकलं, टिक्... टिक्... झाडांच्या पार वरून, वेगानं लांब जाणारं.

मामा, पुस्तकातल्या चार ओळींवर मी इतकी वर्षं जीव लावून होतो. त्यांतलं जिवंत काय आहे ते तुम्ही दाखवलंत, आणि त्याला धक्का न लावता कसं बघायचं तेही. मी दिलेले पैसे तुम्ही परत माझ्याच पिशवीत कोंबलेत, ते घरी आल्यावर सापडले. मामींच्या हातची नाचणीची भाकरी चार दिवस खाल्ली, त्याचं तर काय बोलू.

दुर्बीण मुद्दाम तुमच्याकडं ठेवून आलोय, विसरलेलो नाही. ती परत पाठवू नका. गुरं घेऊन त्या बाजूला गेलात आणि तिन्हीसांजेला वरून हाक ऐकू आली, तर तेवढा एक फोन करा.

तुमचा,
पुण्याचा भाचा