पहिल्या मिनिटात यंत्राने काही विचारू नये

प्रति,
संपादक महोदय,

विषय : आपत्कालीन रुग्णवर्गीकरणासाठीची डिजिटल साधने

सा. न. वि. वि.

मोठ्या अपघातात घटनास्थळी सर्वप्रथम पोहोचणाऱ्या कर्मचाऱ्यांना जखमींचे वर्गीकरण करण्यासाठी मोबाइलवरची आणि टॅबलेटवरची नवनवी साधने तयार होत असल्याचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले. त्यात या साधनांचे जे कौतुक झाले आहे ते बव्हंशी योग्यच आहे. परंतु तातडीच्या विभागात अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यानंतर आणि पुढे याच विषयाचे प्रशिक्षण देताना जे पाहिले, त्यावरून या साधनांच्या रचनेविषयी काही लिहावेसे वाटले. माझे म्हणणे थोडक्यात असे की, ही साधने बनवणारे लोक बहुधा चुकीच्या मिनिटासाठी मेहनत घेत आहेत.

जखमींच्या ज्या वर्गीकरणाला आपण सगळेच आता ‘ट्रायेज’ म्हणतो, ती कल्पना रणांगणावर जन्मली. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद दॉमिनिक लारे यांनी जखमी सैनिकाचा हुद्दा न पाहता जखमेची तीव्रता पाहून उपचाराचा क्रम ठरवण्याचा आग्रह धरला. आज मोठ्या प्रमाणावर शिकवली जाणारी ‘स्टार्ट’ ही पद्धत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात एका रुग्णालयाने आणि तेथील अग्निशमन दलाने मिळून तयार केली. तिचे सौंदर्य तिच्या साधेपणात आहे. प्रत्येक जखमीला एक रंग द्यायचा: लाल म्हणजे ताबडतोब उपचार हवेत, पिवळा म्हणजे थोडे थांबता येईल, हिरवा म्हणजे किरकोळ जखमी आणि काळा म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला. ज्यांना चालता येते त्यांना एका बाजूला बोलवायचे, ते हिरवे. उरलेल्यांत ज्याचा श्वास चालत नाही त्याचा श्वसनमार्ग मोकळा करून पाहायचा. तरीही श्वास आला नाही तर काळा, आला तर लाल. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त असेल तर लाल. नख दाबून सोडल्यावर त्याचा रंग परत यायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला किंवा मनगटाची नाडी लागत नसेल तर लाल. ‘माझा हात दाबा’ इतकी साधी सूचना पाळता येत नसेल तरीही लाल. या सगळ्यातून जो उरतो तो पिवळा. एका माणसामागे एक मिनिटाहून कमी वेळ द्यायचा आणि उपचार म्हणून फक्त दोनच गोष्टी करायच्या, श्वासाची वाट मोकळी करणे आणि वाहते रक्त थांबवणे. यापलीकडे काही करायला जो थांबतो, तो पुढच्या माणसाचा वेळ घेतो.

आता यात यंत्र कुठे बसते ते पाहू. काही वर्षांपूर्वी एका रंगीत तालमीत मी निरीक्षक होते. लुटुपुटूच्या प्रत्येक जखमीच्या गळ्यात त्याच्या अवस्थेचे कार्ड होते आणि प्रशिक्षणार्थींच्या हातात नवा कोरा टॅबलेट होता. साधनाच्या पहिल्याच पडद्यावर नाव, अंदाजे वय आणि लिंग विचारले होते आणि ते भरल्याशिवाय पुढचा पडदा उघडत नव्हता. मांडीतून रक्तस्त्राव होत असलेली ‘रुग्ण’ झालेल्या स्त्रीपाशी एक हुशार मुलगा गुडघ्यावर बसला. त्याने तिला नाव विचारले, मग वयाचा आकडा निवडण्यासाठी बोट वरखाली सरकवू लागला. कार्डाप्रमाणे ती बेशुद्धीकडे चालली होती. शेवटी भूमिका विसरून तिनेच त्याची बाही ओढली आणि म्हणाली, ‘अहो, आधी पाय बघा.’ सगळे हसले, मीही हसले. पण तो मुलगा रक्त थांबवणारा पट्टा आवळायला शिकलेला होता, अनेकदा त्याने तो बिनचूक आवळून दाखवला होता. त्या दिवशी त्याची नजर तेवढी जखमेवरून उचलली गेली होती, आणि ती त्याने स्वतः उचलली नव्हती. संध्याकाळच्या चर्चेत साधनाच्या निर्मात्यांनी आनंदाने सांगितले की, सर्व नोंदी शंभर टक्के पूर्ण भरल्या गेल्या.

या संदर्भात ब्रिटनमध्ये घडलेली गोष्ट मला बोलकी वाटते. तेथे २०२३ मध्ये मोठ्या दुर्घटनांसाठी ‘दहा सेकंदांचे वर्गीकरण’ ही नवी पद्धत पुढे आली. ती डॉक्टर-परिचारिकांबरोबरच पोलीस आणि अग्निशमन दलाच्या जवानांनाही वापरता यावी अशी बेतलेली आहे. तीत श्वास मोजायचा नाही आणि नाडीही मोजायची नाही. हा चालतो का, खूप रक्त जाते आहे का, बोलतो का, छातीपोटात आत घुसलेली जखम आहे का, श्वास घेतो का, एवढेच डोळ्यांनी आणि कानांनी ठरवायचे आणि पुढे सरकायचे. ज्यांनी प्रत्यक्ष दुर्घटनांचा अभ्यास केला ते आकडेसुद्धा वगळत चालले आहेत आणि आपले साधनकार मात्र रकाने वाढवत आहेत, हे पाहून मला नवल वाटते. रकाना वाढवणे साधनकाराला फुकट पडते, हे त्याचे कारण असावे. किंमत मोजणारा दुसराच कोणी असतो.

याचा अर्थ जखमीच्या अंगावर बांधायच्या रंगीत कागदी टॅगच्या काळात परत जावे असा नाही. कागदाचे दोष मी स्वतः भोगले आहेत. पावसात शाई पसरते. खालच्या पट्ट्या फाडून रंग ठरवायचा असल्यामुळे प्रकृती बिघडलेल्या माणसाचा रंग बदलता येतो, पण सुधारलेल्याचा नाही, कारण फाडलेली पट्टी परत चिकटत नाही. मग जुन्या टॅगवर नवा टॅग बांधला जातो आणि दोन रंगांत कोणता खरा हे विचारत बसावे लागते. तरीही त्या टॅगचा एक गुण कोणत्याही पडद्यात नाही. तो रुग्णाच्या अंगावर असतो आणि दहा पावलांवरून दिसतो. स्ट्रेचर घेऊन धावत आलेल्या माणसाला कोणते उपकरण उघडावे लागत नाही, कोणाला विचारावे लागत नाही; लाल दिसला की तो उचलतो. म्हणून डिजिटल साधनाने टॅगची जागा घेऊ नये, टॅगवर स्वार व्हावे. टॅगवर आधीच छापलेला संकेतांक असावा, टॅग बांधताना रंग निवडण्याच्या एकाच कृतीत तो नोंदला जावा, आणि नाव, वय, छायाचित्र ही सगळी चौकशी नंतर, कोणाचे तरी हात मोकळे झाल्यावर व्हावी. बेशुद्ध माणसाला नाव नसतेच. त्याला क्रमांक पुरतो. जखमींची छायाचित्रे कर्मचाऱ्यांच्या खासगी फोनमध्ये साठत जाण्याचा धोकाही त्यामुळे पुष्कळ कमी होईल.

पहिल्या मिनिटानंतर मात्र यंत्राची खरी गरज सुरू होते, आणि तिथे कागद लंगडा पडतो. घटनास्थळाच्या प्रमुखाला सतत एकच प्रश्न पडलेला असतो: लाल किती, त्यांतले किती निघाले, कुठे निघाले? हा हिशेब वायरलेसवर ओरडून आणि वहीत रेघा मारून ठेवला जातो आणि तो थोड्याच वेळात चुकतो. दुसरे असे की, वर्गीकरण ही एकदाच करायची गोष्ट नाही. पिवळा माणूस अर्ध्या तासात लाल होऊ शकतो. पोटातला रक्तस्त्राव बाहेरून दिसत नाही आणि पिवळ्यांच्या रांगेत शांत पडून राहिलेला माणूस हा माझ्या मते त्या जागेवरचा सर्वांत धोक्यातला माणूस असतो. ‘या सात जणांना शेवटचे पाहून वीस मिनिटे झाली’ एवढेच जरी साधनाने योग्य वेळी सांगितले तरी त्याने आपली किंमत वसूल केली असे मी मानेन.

तिसरी गोष्ट जखमींना निरनिराळ्या रुग्णालयांत वाटून देण्याची. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन या विषारी वायूचा हल्ला झाला, तेव्हा जवळच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या एका दिवसात ६४० रुग्ण आले आणि त्यांतले बहुसंख्य रुग्णवाहिकेतून नव्हे, तर पायी, टॅक्सीने, मिळेल त्या वाहनाने पोहोचले. घटनास्थळी कोणी त्यांना टॅग बांधलेला नव्हता. त्यांची अंगे आणि कपडे आधी धुतले न गेल्यामुळे उपचार करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही त्या वायूचा त्रास झाला. जे साधन फक्त घटनास्थळापुरते पाहते, त्याच्या पडद्यावर अशा वेळी सारे आटोक्यात दिसेल आणि जवळच्या रुग्णालयाच्या दारात गर्दी उसळलेली असेल. म्हणून साधनाचे दुसरे टोक रुग्णालयाच्या दाराशी असले पाहिजे आणि स्वतःहून आलेल्यांची मोजणी तिथून उलट दिशेने घटनास्थळी पोहोचली पाहिजे, म्हणजे पुढची रुग्णवाहिका कुठे वळवायची हे ठरवता येईल.

जोडणीविषयी तर बोलायलाच नको. मोठ्या दुर्घटनेनंतर मोबाइलचे जाळे सगळ्यांच्या एकदम फोन करण्याने कोलमडते. ७ जुलै २००५ रोजी लंडनमधील बॉम्बस्फोटांनंतर नेमके हेच घडले होते, आणि भुयारात तर एरवीही संपर्क मिळत नव्हता. तेव्हा जाळे नाही हीच नेहमीची अवस्था मानून साधन रचले पाहिजे. यात एक अडचण आहे जिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. जाळ्याबाहेर असलेल्या दोघांनी एकाच रुग्णाची नोंद केली, एकाने पिवळी आणि दुसऱ्याने लाल, तर संपर्क परत आल्यावर यंत्राने काय करावे? बऱ्याच प्रणाली नंतर पोहोचलेली नोंद ठेवून आधीची पुसतात. कार्यालयात ते खपून जाते. इथे मात्र जी नोंद उशिरा पोहोचली ती उशिरा केलेली असेलच असे नाही. दोन्ही नोंदी, दोन्ही वेळा आणि नोंदवणारा कोण हे सगळे समोर ठेवून निर्णय माणसावर सोडावा आणि तोपर्यंत रुग्णाला लाल धरावे, असे माझे मत आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने रंग सुचवावा का, हा प्रश्न आपल्या वृत्तातही आला होता. माझा त्याला सरसकट विरोध नाही. परंतु यंत्राला जे आकडे मिळतात त्यांची जात पाहावी. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर थंडीने गारठलेल्या किंवा रक्तदाब खाली गेलेल्या माणसाच्या बोटावर नीट चालत नाही. आगीच्या धुरात सापडलेल्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असेल तर तोच मापक प्राणवायू उत्तम असल्याचे सांगतो, आणि माणूस मरणाच्या दारात असतो. गडद त्वचेच्या रुग्णांमध्ये हे उपकरण प्राणवायूची कमतरता अधिक वेळा चुकवते, हे २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले: तेथील कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ही चूक गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होती. अशा आकड्यावर उभा राहिलेला ‘हिरवा’ मला नको. यंत्राने ‘याला पुन्हा पाहा’ म्हणावे. ‘याला पाहण्याची घाई नाही’ हे वाक्य त्याने उच्चारू नये. काळा रंग तर त्याने कधीच सुचवू नये, त्या निर्णयाखाली माणसाचेच नाव असले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की, मग शंका आली की सगळ्यांनाच लाल करावे. तसेही चालत नाही. बॉम्बस्फोटांनंतरच्या रुग्णांच्या अभ्यासात अमेरिकन शल्यविशारद एरिक फ्रायकबर्ग यांनी दाखवले आहे की, गंभीर नसलेल्यांना गंभीर ठरवण्याचे प्रमाण जसे वाढते, तसे खऱ्या गंभीर जखमींतील मृत्यूंचे प्रमाणही वाढत जाते, कारण शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी त्यांच्याआधी दुसरेच पोहोचलेले असतात. म्हणून ‘पुन्हा पाहा’ हा इशाराही तोलूनमापून दिला पाहिजे. अतिदक्षता विभागात काम केलेल्या कोणालाही विचारा, सतत वाजणारा भोंगा कान ऐकेनासे करतो.

हाताळणीच्या बाबतीत थोडेच लिहिते, कारण ते एकदा करून पाहिले की आपोआप समजते. ओला पडदा स्पर्श नीट ओळखत नाही, आणि अशा जागी पडदा कशाने ओला होतो हे सांगायला नको. जाड हातमोज्यांतून बहुतेक पडदे नीट चालत नाहीत. बोलून नोंद करण्याची सोय भोंग्यांच्या आवाजात फसते. लाल आणि हिरव्यातला फरक न दिसणारे पुरुष प्रत्येक मोठ्या पथकात असण्याची शक्यता असते, त्यामुळे रंगाबरोबर ठळक अंक किंवा आकार हवाच. दाबल्यावर बोटाला कळेल अशी तीन-चार खरीखुरी बटणे मला कोणत्याही चकचकीत पडद्यापेक्षा प्रिय आहेत.

आणि शेवटचा मुद्दा वापराचा. जे साधन केवळ महासंकटासाठी कपाटात राखून ठेवले जाते, त्याची बॅटरी त्या दिवशी उतरलेली असते आणि त्याचा परवलीचा शब्द बदली होऊन गेलेल्या माणसाला ठाऊक असतो. रोजच्या साध्या अपघातात, एकाच रुग्णासाठी जे साधन वापरले जाते, तेच शंभर रुग्णांच्या दिवशीही हाताला आठवते. खरेदी करणाऱ्यांनी नोंदी किती पूर्ण भरल्या जातात हे विचारण्याऐवजी पहिला लाल रुग्ण जागेवरून किती वेळात हलला, आणि त्या वेळात कर्मचाऱ्याची नजर पडद्यावर एकूण किती सेकंद होती, हे मोजून घ्यावे. ती चाचणी रात्री, पावसात, हातमोजे घालून आणि फोनचे जाळे बंद करून घ्यावी, आणि तिला साधनाचे निर्माते हजर असले तरी त्यांना मदतीला पुढे येऊ देऊ नये.

आपली विश्वासू,
तातडीच्या वैद्यकीय सेवेतील एक निवृत्त परिचारिका