रुपयाच्या खुणेमुळे परत आलेले कोटेशन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मिरजेत माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे छोटे दुकान आहे. गेल्या महिन्यात एका बचत गटाला शिलाई यंत्रांचे कोटेशन टाइप करून दिले आणि फाइल संबंधित कार्यालयाला मेल केली. दोन दिवसांनी गटातल्या दोघी हातात कागद घेऊन परत आल्या. चार यंत्रांच्या रकमा आणि खालची बेरीज, प्रत्येक आकड्याआधी ₹ च्या जागी ` अशी बारीक तिरपी रेघ उमटली होती. ‘आकड्यांपाशी खाडाखोड दिसते, नवीन आणा,’ असे त्यांना सांगण्यात आले. दोघींचे एसटीचे भाडे गेले आणि दिवसाची मजुरीही बुडाली. मला फार लागले ते.

याचे मूळ जुने आहे. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ₹ स्वीकारले, तेव्हा संगणकात ते उमटवायची सोयच नव्हती. म्हणून काही फॉन्टमध्ये टॅबच्या वरच्या बटणावर, ` च्या जागी, रुपयाचे चित्र बसवले गेले. तो फॉन्ट ज्या संगणकात नाही, तिथे मूळचा ` दिसतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडने, म्हणजे संगणकातल्या प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीने, ₹ ला स्वतःचा क्रमांक दिला आणि ही सोय निरुपयोगी झाली. पण जुन्या फाइलवरूनच नवी फाइल करायची आम्हा दुकानदारांची सवय. माझ्याकडचा कोटेशनचा नमुनाही तसाच चालत आला होता. आता तो काढून टाकला आहे.

विंडोजमध्ये कीबोर्डची भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ ठेवावी आणि स्पेसबारच्या उजवीकडचे ऑल्ट धरून ४ दाबावे, खरे ₹ येते. कित्येक कीबोर्डांवर ४ च्या कोपऱ्यात ते छापलेलेही असते. पण संगणक अमेरिकी मांडणीवर असला तर बटण दाबून काहीच होत नाही, आणि माणूस कंटाळून ‘रु.’ लिहून मोकळा होतो. डॉलर मात्र शिफ्ट आणि ४ दाबले की दोन्ही मांडण्यांत येतो. देवनागरी र आणि रोमन आर यांच्या मेळातून हे चिन्ह घडवणारे उदय कुमार तेव्हा आपल्या पवईच्या आयआयटीत संशोधन करत होते. त्यामुळे मला हे अधिकच खटकते.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलींजवळ टायपिंगचे प्रमाणपत्र असते, वेगही चांगला असतो, पण ₹ कसे काढायचे हे त्यांना कुणी शिकवलेले नसते. संगणक वर्गांनी पहिल्याच आठवड्यात कीबोर्डची भाषा बदलून हे बटण मुलांच्या हाताखालून घालावे. कार्यालयांनाही विनंती आहे, रकमेपुढे ` दिसला तर माणसाला परत पाठवण्याआधी कोटेशनवरच्या नंबरावर एक फोन करा. दुसरी प्रत मी पाच मिनिटांत पाठवली असती.

– एक टायपिंग व्यावसायिक, मिरज