आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : दोष माझ्यात होता, सुया तिला टोचल्या

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

वंध्यत्वावरच्या उपचारांत पुरुषाची तपासणी कशी व्हावी, याचे नियम तीन महिन्यांत ठरवू, असं आपल्या सहीशिक्क्याचं उत्तर मला आलं होतं. त्याला १४ महिने झाले. गेल्या सोमवारी माझा रिपोर्ट हाती पडला. शुक्राणूंचं डीएनए फ्रॅगमेंटेशन, म्हणजे डीएनए तुटलेल्या शुक्राणूंचं प्रमाण, ४१ टक्के. तिसाच्या वर गेलं की जास्त धरतात.

तीन आयव्हीएफ आणि दोन गर्भपात झाल्यावर हा कागद मिळाला, साहेब. तोवर फाईलवर 'कारण अज्ञात'. पाच वर्षांपूर्वी माझी वीर्यतपासणी झाली, संख्या चांगली, हालचाल चांगली, विषय संपला. पण शुक्राणू मोजून आतला डीएनए शाबूत आहे की तुटलाय, हे कळत नाही. तुटक्या डीएनएचा शुक्राणूही पोहतो, स्त्रीबीजात शिरतो, गर्भही तयार होतो. शुक्राणूला स्वतःची डागडुजी करता येत नाही, ती स्त्रीबीजाला करावी लागते, आणि वयाबरोबर बीजाचीही ताकद कमी होते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास गर्भाची स्वतःची जनुकं कामाला लागतात. बापाकडून आलेलं नुकसान बरेचदा तिथून पुढे दिसतं. आमचे गर्भ तिसऱ्या दिवशी उत्तम असायचे, पाचव्या दिवशी निम्मेही उरत नसत. तिन्ही वेळा बोट माझ्या बायकोकडेच गेलं. तुमचं वय, तुमच्या गर्भाशयाचं अस्तर, तुम्ही ताण घेता. दीडशेच्या वर इंजेक्शनं घेतली तिने, जास्तच असतील, मोजायचं आम्ही कधीच सोडून दिलं. नवव्या आठवड्यात ठोके थांबले तेव्हा ती माझी माफी मागत होती. माझी!

आता सांगतात, मला व्हेरिकोसील आहे, म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगल्यात, आणि त्यानेही डीएनए तुटू शकतो. नुसतं हाताने तपासलं असतं तरी लक्षात आलं असतं. पाच वर्षांत कुणी तपासलं नाही. डबी भरून द्यायची आणि बाहेर बाकावर बसायचं, एवढंच पुरुषाचं काम. वंध्यत्वाच्या निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही वाटा असतो हे सगळ्यांना पाठ आहे, तरी सगळी यंत्रणा बाईच्याच पोटाभोवती उभी केलीत तुम्ही लोकांनी.

सरसकट सगळ्यांची ही डीएनएची तपासणी करा, असं मी म्हणत नाही. पण पुन्हा पुन्हा गर्भपात होत असेल तर पुरुषाची ही तपासणी करावी, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी २०२० मध्ये लिहून ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत ती करण्याची पद्धत दिली आहे. तेवढी तरी सक्तीची करा.

नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तुम्ही फाईल दाबून बसलात त्या १४ महिन्यांत ते चारदा तयार झाले असते. त्याच १४ महिन्यांत आमचा दुसरा गर्भ गेला.

त्या शिरांचं ऑपरेशन करून पुन्हा प्रयत्न करा, म्हणतात. यश येईलच असं नाही, पण मी तयार आहे. ती नाही म्हणाली. आता तिला काय सांगून पुन्हा त्या टेबलावर झोपवू, तेवढं लिहून कळवा.

आपला,
एक नागरिक